पोकरच्या जुन्या चकत्या आणि त्यांवरची नवी नावे

सुट्टीच्या दिवसांत घरात पत्त्यांचा डाव रंगला आणि पैसे लावायचे नसले, की आपल्याकडे चिंचोक्यांची आठवण होते. कोकणात काजूच्या बिया घेतात, कुठे कवड्या निघतात. ज्याच्यापुढे चिंचोक्यांचा ढीग मोठा तो जिंकला. डाव मोडला, की तेच चिंचोके पुन्हा डब्यात जातात आणि त्यांची किंमत शून्य होते. ज्या वस्तूला स्वतःची किंमत नाही, पण डावापुरती सर्वांनी मिळून ती ठरवली आहे, अशी वस्तू खेळाला लागते. अमेरिकेत ही गरज पोकरच्या चकतीने भागवली. तेथे ती ‘चिप’ या नावाने ओळखली जाते.

या चकत्यांचा एक वेगळाच व्यवहार गेल्या काही दशकांत तेथे वाढला आहे. बंद पडलेल्या कॅसिनोंच्या जुन्या चकत्या लोक विकत घेतात, त्या धुऊन-पुसून साफ करतात, त्यांवरचे जुने नाव झाकतात किंवा खरवडतात, नवे लेबल बसवतात आणि घरच्या डावात वापरतात. विषय वरवर पाहता पोरकट वाटेल. परंतु त्यात कारागिरी आहे, थोडा कायदा आहे, आणि शेवटी इतिहासाच्या साधनांशी आपण कसे वागावे हा प्रश्नही आहे. जुगाराची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही, हे आरंभीच सांगून आम्ही विषयाकडे वळतो.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम भागात सोन्याच्या शोधार्थ जी माणसे लोटली, ती डावावर सोन्याची पूड, सोन्याचे खडे किंवा नाणी लावीत. पूड तोलायची, नाणी मोडायची, ही कटकट मोठी होती. म्हणून हाडाच्या आणि हस्तिदंती चकत्या आल्या. हस्तिदंत महाग, त्यामुळे लवकरच माती आणि लाख यांसारख्या द्रव्यांच्या मिश्रणातून दाबून काढलेल्या चकत्या निघाल्या. पण साध्या चकत्या कोणत्याही दुकानात मिळत. एखाद्या लबाडाने त्या खिशात घालून आणल्या आणि डावात मिसळल्या तर ओळखायच्या कशा? तेव्हा चकतीवर स्वतःचे चिन्ह, अक्षरे किंवा चित्र उठवण्याची चाल पडली. चकतीवर नाव आले ते सजावटीसाठी नव्हे, खोटेपणाला आळा बसावा म्हणून. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

आज जिला ‘मातीची चकती’ म्हणतात, तिच्यात निव्वळ माती नसते. खनिजांची भुकटी आणि तिला धरून ठेवणारी द्रव्ये यांचे ते मिश्रण असते. नेहमीच्या चकतीचा व्यास ३९ मिलिमीटर आणि वजन साधारणपणे ८ ते १० ग्रॅम. ती घडवण्याची रीत अशी : मूळ रंगाच्या चकतीच्या कडेचे तुकडे कापून काढतात आणि त्या जागी नेमक्या त्याच आकाराचे दुसऱ्या रंगाचे तुकडे बसवतात. मध्यभागी छापील, गुळगुळीत आवरणाचे लेबल ठेवतात. मग साच्यात घालून उष्णता आणि दाब देतात. सारे एकजीव होते आणि साच्यावरची नक्षी चकतीच्या काठाला उमटते. त्यामुळे कडेचे रंगीत पट्टे हे वरून दिलेले रंग नसून चकतीच्या अंगातलेच असतात. स्वस्त चकत्यांवर हे पट्टे नुसते छापलेले असतात. अस्सल आणि सामान्य यांतला फरक पाहण्याची ही पहिली खूण.

दुसरी एक जात आहे. तिच्यात मधले लेबल नसते. तापवलेल्या ठशाने सोनेरी वर्ख दाबून अक्षरे उठवलेली असतात. ही रीत कमी खर्चाची, म्हणून लहान क्लब आणि खासगी अड्डे तीच पत्करीत.

चकत्या बनवणारे कारखाने फार नव्हते. मेन राज्यातील पोर्टलंड येथे ही कारागिरी दीर्घकाळ चालली. लास व्हेगासमध्ये १९६३ साली सुरू झालेली पॉल-सन ही कंपनी पुढे या धंद्यात अग्रेसर ठरली. तिच्या चकत्यांच्या काठावर उंच टोपी आणि हातातली काठी ही नक्षी असते, आणि शौकीन लोक त्या खुणेवरूनच त्यांना ओळखतात. २००२ साली ही कंपनी, फ्रान्समधील बूर्गोन्य ए ग्रासे आणि अमेरिकेतील बड जोन्स या तिघींच्या एकत्रीकरणातून गेमिंग पार्टनर्स इंटरनॅशनल ही संस्था निर्माण झाली. २०१९ साली ती जपानच्या एंजल कंपनीने विकत घेतली. पूर्वी टोपी-काठीच्या काही चकत्या घरगुती गिऱ्हाइकांनाही मिळत. आता कारखाना आपला असा माल परवानाधारक कॅसिनोंनाच देतो. तेव्हा ज्याला हातात तोच खडबडीत स्पर्श आणि एकावर एक ठेवताना होणारा तोच दबका आवाज हवा आहे, त्याला जुन्या बाजाराकडे वळण्यावाचून गत्यंतर नाही.

येथे प्रश्न उद्भवतो, की कॅसिनोची चकती कोणाच्या मालकीची? आपल्याला सहज समजेल अशी उपमा हुंडीची आहे. नेवाडा राज्याच्या नियमांप्रमाणे चकती ही कॅसिनोने धारकाला देणे असलेल्या रकमेची केवळ खूण आहे. चकती ही वस्तू कॅसिनोचीच राहते. हुंडी वटवायची ती ज्याच्या पेढीची त्याच्याकडे. पेढी बुडाली तर तो कागद कागदच उरतो. कॅसिनो बंद होणार असेल किंवा जुन्या चकत्या बदलायच्या असतील, तर त्या वटवून घेण्यासाठी निदान १२० दिवसांची मुदत द्यावी लागते, जाहीर सूचना द्यावी लागते, आणि परत आलेल्या चकत्यांचे काय करणार तेही अधिकाऱ्यांना कळवावे लागते. बहुधा त्या नष्ट केल्या जातात. हे नियम कडक होण्यापूर्वी काही कॅसिनोंनी आपल्या चकत्या जमिनीत पुरल्या, काहींनी इमारतीच्या काँक्रीटमध्ये गाडल्या.

चकती म्हणजे पैसा नव्हे, हे एका प्रसंगाने चांगले पटते. डिसेंबर २०१० मध्ये लास व्हेगासच्या बेलाजिओ कॅसिनोत मोटारसायकलचे शिरस्त्राण घातलेला एक चोर शिरला आणि सुमारे पंधरा लाख डॉलर किमतीच्या चकत्या घेऊन पळाला. त्यांत पंचवीस हजारांच्या चकत्या होत्या. कॅसिनोने काय केले? आपल्या पंचवीस हजारांच्या चकत्या रद्द होत असल्याचे जाहीर केले आणि वटवण्याची मुदत एप्रिल २०११ पर्यंत ठरवून दिली. चोराच्या हातातली संपत्ती एका सूचनेने मातीमोल होण्याच्या मार्गाला लागली. पुढे तो पकडला गेला. चोराने चकत्या नेल्या, पण त्यांच्यामागची पत कॅसिनोच्याच हातात राहिली होती.

मुदत संपल्यावर ज्या चकत्या लोकांच्या खिशात, खणात, आठवणींच्या पेटीत राहून जातात, त्या संग्राहकांच्या बाजारात येतात. काही राज्यांत बंद पडलेल्या कॅसिनोंचा साठाही वेळोवेळी बाहेर पडला. संग्राहकांची मोठी संघटना अमेरिकेत १९८८ साली स्थापन झाली. तिचे मेळावे भरतात, तेथे खरेदी-विक्री होते. घरच्या डावासाठी चकत्या घेणारा माणूस मात्र संग्राहकाहून निराळा असतो. संग्राहकाला प्रत्येक जातीची एकेक चकती पुरते. खेळणाऱ्याला एकाच जातीच्या शंभर-दीडशे लागतात.

किती लागतात, याचा हिशेब करून पाहू. आठ माणसे खेळायला बसली आणि प्रत्येकाने पन्नास डॉलरच्या चकत्या घेतल्या असे धरू. प्रत्येकाला पाव डॉलरच्या ८, एक डॉलरच्या १८ आणि पाच डॉलरच्या ६ चकत्या दिल्या, तर दोन अधिक अठरा अधिक तीस मिळून पन्नास भरतात. माणशी ३२ चकत्या, आठ जणांच्या २५६. हरलेला माणूस पुन्हा चकत्या घेईल म्हणून पाचाच्या आणि विसाच्या काही जास्त हव्यात. म्हणजे साडेतीनशे-चारशे चकत्यांत घरचा डाव आरामात चालतो.

अडचण येते ती पाव डॉलरच्या चकतीपाशी. कॅसिनोत एवढ्या लहान रकमेच्या चकत्या फारच कमी वापरात असत. त्यामुळे त्या दुर्मिळ आणि महाग. उलट शंभराच्या चकत्या घरच्या डावाला निरुपयोगी. येथेच नव्या लेबलाची कल्पना पुढे येते. रूलेटच्या चाकावर खेळण्यासाठी कॅसिनो ज्या चकत्या देतात, त्यांवर रक्कम नसते; कोणाची कोणती हे रंगावरून कळते, आणि किंमत त्या टेबलावर बसतानाच ठरते. अशा चकत्या तुलनेने स्वस्त मिळतात. त्यांवर हव्या त्या आकड्याचे लेबल लावले, की आपला संच तयार. रंगांच्या बाबतीत अमेरिकेतील सर्वसाधारण रूढी पाळली तर खेळणाऱ्यांचा घोटाळा होत नाही : एक पांढरी किंवा निळी, पाच तांबडी, पंचवीस हिरवी, शंभर काळी, पाचशे जांभळी.

विकत घेताना काय पाहावे? पहिली गोष्ट म्हणजे कड. नवी चकती टेबलावर उभी केली तर काठावर उभी राहते. वर्षानुवर्षे हाताळलेल्या चकतीची कड गोलावते आणि ती लोळते. दुसरी गोष्ट म्हणजे सपाटपणा. मध्यभागी फुगलेली चकती सपाट जागी ठेवून बोटाने फिरवली तर भोवऱ्यासारखी फिरत राहते. अशा चकत्यांची उतरंड डळमळते. तिसरी गोष्ट म्हणजे रंग. वेगवेगळ्या वर्षी घडवलेल्या एकाच जातीच्या चकत्यांत छटेचा फरक असू शकतो. म्हणून शक्यतो सगळ्या एकदम घ्याव्यात.

साफसफाईची रीत साधी आहे. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ दात-घासणी. हजारो हातांचा मळ आणि तेल त्यावर बसलेले असते, ते हलक्या हाताने निघते. घासणारे खरखरीत स्पंज वापरले तर मळाबरोबर कडही झिजते. तीव्र द्रावणे टाळावीत. त्यांनी चकतीचे अंगच खराब होते. धुऊन वाळल्यावर चकती पांढुरकी दिसू लागते. खनिज तेलाचा एखादा थेंब फडक्यावर घेऊन पुसले, की मूळ रंग खुलतो.

आता लेबलाचे काम. साधारण ३९ मिलिमीटरच्या चकतीवर मधले लेबल २२ ते २५ मिलिमीटर व्यासाचे बसते. जुन्या चकतीत लेबल असेल, तर त्याच्यावरच तेवढ्याच मापाचे पातळ नवे लेबल चिकटवणे ही सर्वांत सोपी आणि सौम्य रीत. खालचे नाव झाकले जाते, पण नष्ट होत नाही. वर्खाच्या अक्षरांच्या चकतीचे मात्र तसे नाही. तिचा पृष्ठभाग सपाट. त्यावर लेबल लावले तर ते वर उचललेले राहते. मग उतरंड डळमळते, आणि पत्ते पिसता-पिसता चकत्या चाळवणाऱ्यांची बोटे लेबलाच्या काठात अडकून ते सुटू लागते. यावर उपाय म्हणून मिलिंग यंत्राने मध्यभागी लेबलाच्या जाडीइतकी उथळ वाटी कोरतात आणि तीत लेबल बसवतात. काम नाजूक आहे. खोली कमी झाली तर लेबल वर राहते. जास्त झाली तर चकती कमजोर होते. दोन्ही बाजू करायच्या, म्हणजे चारशे चकत्यांच्या आठशे वाट्या झाल्या. पहिल्या दहा-वीस चकत्या शिकण्यात खराब होणार, हे गृहीत धरूनच जास्तीच्या घ्याव्या लागतात.

येथे एक इशारा दिला पाहिजे. जुन्या काही चकत्यांच्या मिश्रणात वजन यावे म्हणून शिसे घालीत असत. अशी चकती हाताळून हात धुतले तर भय नाही. पण ती कोरताना जी भुकटी उडते ती श्वासावाटे पोटात जाणे घातक आहे. जिची घडण ठाऊक नाही अशी जुनी चकती कोरण्याच्या फंदात पडू नये. ज्या घरात लहान मुले आहेत तेथे तर मुळीच नाही.

इथपर्यंत कारागिरीचा भाग झाला. पण ‘कसे करावे’ याचे उत्तर मिळाले म्हणजे ‘करावे काय’ याचे उत्तर मिळाले असे होत नाही. जुन्या चकतीचे नाव यंत्राने खरवडण्याला या शौकिनांच्याच बोलीत ‘खून’ असा शब्द आहे. तो अर्धा थट्टेने वापरतात, परंतु अर्धा खराही आहे.

तो खरा का, हे दोन उदाहरणांनी सांगतो. लास व्हेगासमध्ये मे १९५५ मध्ये मूलाँ रूज हे हॉटेल आणि कॅसिनो उघडले. त्या काळी शहरातील मोठ्या कॅसिनोंत कृष्णवर्णी कलावंत रंगमंचावर गात, पण पाहुणा म्हणून त्यांना तेथे राहता येत नसे. मूलाँ रूजने काळ्या-गोऱ्यांना एकाच छपराखाली प्रवेश दिला. ते त्याच वर्षी बंद पडले. आता ती इमारत उरलेली नाही. त्या नावाची चकती हातात घेणारा माणूस एका सामाजिक घटनेचा पुरावा हातात घेत असतो. ती खरवडून तीवर आपल्या घराचे नाव लावणे म्हणजे ताम्रपटाचे भांडे करण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण अनाम चकत्यांचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील शेकडो क्लब बेकायदा चालत. त्यांनी चकत्यांवर पूर्ण नाव न घालता दोन-तीन आद्याक्षरे उठवली. ती अक्षरे कोणाची, हे पुष्कळ काळ गूढ होते. पुढे मेसन कंपनीसारख्या जुन्या विक्रेत्यांच्या मागणीनोंदी संग्राहकांच्या हाती लागल्या. कोणत्या अक्षरांच्या चकत्या कोणत्या गावी कोणाला पाठवल्या, हे त्यांवरून जुळवता येऊ लागले. पोलिसांच्या भीतीने ज्या अड्ड्यांनी आपले कागद मागे ठेवले नाहीत, त्यांचा ठावठिकाणा सांगणारी चकती हीच एकमेव साक्षीदार ठरली. जिला आपण ‘तीन अक्षरांची कोणतीतरी स्वस्त चकती’ म्हणून खरवडू, तीच उद्या एखाद्या गावच्या इतिहासातील दुवा ठरेल.

याच्या उलट बाजूचाही विचार न्यायाने केला पाहिजे. बंद कॅसिनोच्या हजारो चकत्या एकाच छापाच्या उपलब्ध असतात. त्या सगळ्या काचेच्या कपाटात ठेवण्याचे कारण नाही. चकती वापरण्यासाठीच घडवलेली असते. ती पुन्हा माणसांच्या हातात आली, तिच्याभोवती पुन्हा चार मित्र बसले, तर ती अधिक जिवंत राहते असे म्हणता येईल. शिवाय जी कारखान्यातून मिळत नाही ती वस्तू दुरुस्त करून वापरणे हे नवी बनवून फेकून देण्यापेक्षा चांगलेच. म्हणून आमच्या मते मर्यादा अशी असावी : ज्या चकतीचे नाव आणि मूळ ठाऊक आहे आणि जिच्या प्रती विपुल आहेत, ती खुशाल वापरावी, शक्यतो वरून लेबल लावून, खरवडून नव्हे. जिचे मूळ ठाऊक नाही, ती आधी जाणकाराला दाखवावी. जी दुर्मिळ आहे, ती तशीच ठेवावी.

आणखी एक मर्यादा कायद्याची. चालू असलेल्या कॅसिनोच्या चकतीचे अनुकरण करणारे लेबल कधीही करू नये. ते खोटे नाणे पाडण्यासारखे आहे. जानेवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोतील पोकर-स्पर्धेत खोट्या चकत्या सापडल्या आणि ती स्पर्धा मध्येच थांबवावी लागली. त्या चकत्या करणाऱ्याने उरलेला माल दुसऱ्या हॉटेलातील शौचकूपात टाकला. नळ तुंबले आणि त्यावरून तपास त्याच्यापर्यंत पोचला. त्याला तुरुंगवास झाला. घरगुती लेबलावर घराचे, गावाचे किंवा मित्रमंडळाचे नाव घालावे. अमेरिकेतील एखाद्या मराठी घराने देवनागरी आकडे छापले, तर ते शोभूनही दिसतील आणि फसवणुकीचा संशयही उरणार नाही.

आपल्याकडील स्थितीही ध्यानात असावी. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा आहे. १९७६ साली कॅसिनोंविषयी एक कायदा झाला होता; तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द करण्यात आला. गोव्यात मात्र १९७६ च्या कायद्यात पुढे दुरुस्त्या होऊन कॅसिनोंना परवाने मिळाले. तेव्हा येथे कोणी अशा चकत्या हौसेने आणल्याच, तर त्यांचा उपयोग चिंचोक्यांसारखाच करावा. डाव संपला, की त्या मोजून पेटीत ठेवाव्यात आणि कोणाचे कोणाला काही देणे राहू नये.

आमचे चिंचोके या बाबतीत निर्धास्त आहेत. त्यांवर कोणाचेच नाव नाही. चकतीवर ते आहे. खोटेपणा टाळण्यासाठी एकेकाळी ते घातले गेले, आणि नंतर ज्यांची घरे, दारे, वह्या काही उरले नाही अशा माणसांचे ते नाव साक्षीला राहिले. नवे लेबल लावण्यापूर्वी त्या खालचे नाव एकदा वाचून पाहावे, आणि वहीत टिपून ठेवावे, एवढे तरी खेळणाऱ्याने करावे. त्याला फार तर पाच मिनिटे लागतात.